श्री. अपरिहार्य कारण यांस खुले पत्र

पाथरी, डिसेंबर २०२५

प्रति,
मा. श्री. अपरिहार्य कारण साहेब,
मुक्काम : प्रत्येक प्रसिद्धिपत्रकाची पहिली ओळ

विषय : परीक्षा विस्कटण्याच्या कामी आपण वेळोवेळी केलेल्या सहकार्याबद्दल आभार मानणेबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

पाथरी, जिल्हा परभणी येथून हे पत्र लिहितो आहे. मी इथल्या एका अनुदानित शाळेत शिकवतो. दहावी-बारावीच्या परीक्षांत कधी पर्यवेक्षक म्हणून, कधी कस्टडीतून सीलबंद पाकिटं आणणारा रनर म्हणून मला आपली कामगिरी जवळून पाहता आली आहे. 'अपरिहार्य कारणास्तव परीक्षा पुढे ढकलण्यात येत असून सुधारित तारीख यथावकाश कळविण्यात येईल' या एका वाक्यावर आपण इतकी वर्षं राज्य करता आहात. आपल्याला चेहरा नाही, हुद्दा नाही, सही नाही. आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला नाही, कधी गडचिरोलीला बदली झाली नाही. साधी कारणे दाखवा नोटीससुद्धा निघाली नाही. निघणार तरी कशी? कारणालाच कारण विचारायची पद्धत आपल्याकडे नाही.

म्हटलं, निदान कुणीतरी आभार तरी मानावेत.

अलीकडची आपली पहिली मोठी कामगिरी म्हणजे २०२० सालचा भूगोल. दहावीची परीक्षा ३ मार्चला सुरू झाली होती. भाषा, गणित, विज्ञान, इतिहास सगळं पार पडलं होतं आणि २३ मार्चचा भूगोलाचा चाळीस गुणांचा पेपर तेवढा उरला होता. पोरांनी वर्षभर भारत आणि ब्राझीलची तुलना घोकली होती, कारण दहावीचं भूगोलाचं पुस्तकच या दोन देशांवर आहे. २१ मार्चला पेपर पुढे ढकलला, दुसऱ्या दिवशी जनता कर्फ्यू लागला आणि १२ एप्रिलला पेपर रद्द झाल्याचं जाहीर झालं. बाकीच्या विषयांच्या सरासरीने भूगोलाचे गुण पडले. ॲमेझॉनचं खोरं त्या बॅचच्या डोक्यात अजून तसंच भरलेलं असेल, रितं करायला उत्तरपत्रिकाच मिळाली नाही. तरीही त्या खेपेची तक्रार मी करणार नाही, साहेब. तेव्हा आपण खरोखर अपरिहार्य होता आणि अख्खं जग आपल्यापुढे हात टेकून बसलं होतं. पण एकदा खरं बोललात म्हणून पुढे कायम आपलं खरं मानायचं, हे आमच्या खात्याने परस्पर ठरवून टाकलं.

२०२१ मध्ये आपण एका पेपरवर थांबला नाहीत, अख्खी दहावी घेऊन गेलात. २० एप्रिलला परीक्षा रद्द झाली आणि २८ मेला गुण द्यायचं सूत्र आलं. पन्नास गुण नववीच्या निकालावरून, तीस वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनावरून, वीस तोंडी-प्रात्यक्षिकांवरून. आता या बॅचची नववी कोणती? जिची दुसऱ्या सत्राची परीक्षा २०२० च्या एप्रिलमध्ये रद्द झाली होती, तीच! म्हणजे दहावीच्या निम्म्या गुणांचा पाया नववीच्या पहिल्या सत्रात घातला गेला होता आणि घालणाऱ्यालाच त्याचा पत्ता नव्हता. 'बाळांनो, सहामाही नीट लिहा, हिच्यावर तुमची दहावी ठरणार आहे' असं कुठल्या मास्तरला तेव्हा सुचलं असतं? निकाल लागला ९९.९५ टक्के. एवढा निकाल लागूनही १६ जुलैला निकालाचं संकेतस्थळ कोसळलं ते तासन् तास उठलं नाही. मग सगळेच पास झाले तर अकरावीत कुणाला घ्यायचं, असा पेच पडला आणि प्रवेशासाठी २१ ऑगस्टला नवी सीईटी जाहीर झाली. १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. आरोग्याच्या कारणाने परीक्षा नको, म्हणून जिथे परीक्षा रद्द केली, तिथेच चार महिन्यांत दुसरी परीक्षा उभी करून दाखवणं हे काम एकट्या सरकारच्या आवाक्यातलं नव्हतं. त्यामागे आपली प्रेरणा असणार.

पण आपल्या कल्पकतेचा कळस पाहायला मिळाला तो २०२२ मध्ये. बारावी सुरू व्हायला जेमतेम दहा दिवस राहिले होते. २३ फेब्रुवारीला भोपाळहून पुण्याकडे बारावीच्या प्रश्नपत्रिका घेऊन निघालेल्या गाडीला संगमनेरजवळ चंदनापुरी घाटात आग लागली. ५ आणि ७ मार्चचे पेपर ५ आणि ७ एप्रिलला गेले. एरवी प्रश्नपत्रिका कुठे छापतात, कशा येतात, हे गुपित आम्हा शिक्षकांपासूनही जपून ठेवलेलं असतं. ते आपण महामार्गावर पेटवून सगळ्या महाराष्ट्राला दाखवलंत. वर्तमानपत्रात जळक्या कागदांचे फोटो पाहून आमच्या स्टाफरूममध्ये एकाने शांतपणे विचारलं, 'यांच्याकडे दुसरा संच नसतो का?' या प्रश्नाचं उत्तर एक महिना होतं.

त्याच परीक्षेच्या वेळी एसटीचा संप चालू होता. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीला सुरू झालेला तो संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला आणि दहावी-बारावी दोन्ही त्याच्या पोटात गेल्या. शहरात बसून संपाची बातमी वाचणाऱ्याला याचा अर्थ कळणार नाही. आमच्याकडे पोरगी बारावीपर्यंत शिकते ती बहुतेक वेळा एसटीच्या पासवर. सकाळची गाडी आली तर कॉलेज, नाही आली तर घर. त्या मार्चमध्ये गाडीच नव्हती, तरी आमच्या तालुक्यातली परीक्षा निभावली. का निभावली, ते सांगतो. त्या वर्षी मंडळाने जिथे शाळा तिथेच परीक्षा घ्यायचं ठरवलं होतं. लांबच्या केंद्रावर जायचं काम नव्हतं, पेपर गावाजवळ आला होता. अभ्यासक्रम पंचाहत्तर टक्के ठेवला होता, सत्तर ते शंभर गुणांच्या पेपरला अर्धा तास जास्त दिला होता. हे सगळं कोरोनासाठी केलेलं होतं आणि कामाला आलं एसटीच्या संपात. एका संकटासाठी घेतलेला निर्णय दुसऱ्या संकटात उपयोगी पडतो, एवढं त्यातून शिकता आलं असतं. पण २०२३ मध्ये परिस्थिती 'पूर्ववत' झाली, केंद्रं पूर्ववत झाली आणि ते शहाणपण फायलीत जाऊन बसलं. आपलं यश खरं इथे आहे, साहेब. आपण येता, मोडतोड करता, जाता. आपण गेल्यावर मागे जे थोडं बरं उरलेलं असतं, तेही आमचे लोक आवर्जून पुसून टाकतात.

आपल्या चुलतभावांचाही इथे उल्लेख करायला हवा, नाहीतर घराण्याचा अपमान होईल. २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या भरतीची परीक्षा २५ आणि २६ सप्टेंबरला होती. ती आदल्या संध्याकाळी पुढे ढकलली गेली. पुढे ती झाली, फुटली आणि रद्दही झाली. १२ डिसेंबरची म्हाडाची परीक्षा तर त्या दिवशीच्या पहाटे, मध्यरात्र उलटल्यावर रद्द झाल्याचं मंत्र्यांनी समाजमाध्यमावर कळवलं. मानवत रोडला रात्रीच्या गाडीत बसून केंद्राच्या गावाला निघालेल्या पोरांना हे कुठल्या स्टेशनवर कळलं असेल, याचा अंदाज आपण करावा. तिकिटाचे, जेवणाचे, रात्री फलाटावर काढलेल्या झोपेचे पैसे कुणी परत दिल्याचं ऐकिवात नाही.

आता गेल्या सप्टेंबरकडे येतो. ही गोष्ट आमच्या दारातली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पाथरी तालुक्याचा दक्षिणेचा काठ गोदावरीचा. ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल ही बंधाऱ्यांची नावं आपण ऐकली असतील. सोयाबीन काढणीला आलं होतं, कापसाची बोंडं उमलायला लागली होती आणि तेव्हाच आपण दमदार हजेरी लावलीत. जायकवाडीचे दरवाजे उघडले, माजलगावच्या धरणातून पाणी सुटलं, मराठवाडाभर नद्या पात्र सोडून वावरात शिरल्या. सोयाबीनच्या गंजी वाहिल्या, जनावरं वाहिली, मातीसुद्धा वाहिली. टीव्हीवर या सगळ्याची छायाचित्रं आली. दप्तरांची आली नाहीत, कारण ओल्या दप्तराचा फोटो काढायला कुणी हेलिकॉप्टर पाठवत नाही.

घरात पाणी शिरलं की आधी धान्य माचोळीवर टाकतात, मग कागदपत्रं, मग जमलं तर गाद्या. वह्या राहतात. पाठ्यपुस्तक एक वेळ दुसरं मिळतं, पण बारावीच्या विज्ञानाच्या मुलाची प्रयोगवही दुसरी मिळत नाही. प्रत्येक प्रयोगाखाली सरांची सही असते. त्या वहीला गुण आहेत. ती पुन्हा लिहायची म्हणजे अभ्यासाचे कितीतरी दिवस आपण वाहून नेलेले असतात. शाळांना सुट्टी मिळाली, त्या आठवड्याचं शिकवणं मागे राहिलं, आणि प्रथम सत्राची परीक्षा अन् दिवाळीची सुट्टी जिथल्या तिथे होती. त्यानंतर पुन्हा निवडणुका आल्या. २ डिसेंबरला नगरपालिकांचं मतदान होतं आणि मतदान केंद्रावर बसायला शिक्षक लागतात, हे आपण जाणताच. आपत्तीनंतर शिकवणं भरून काढायचं कुणी, तर शिक्षकाने. आणि भरून काढायच्या दिवसांत शिक्षक कुठे, तर दुसऱ्याच कुठल्या यादीवर.

पुराच्या त्याच दिवसांत, २८ सप्टेंबरला, राज्यसेवेची पूर्व परीक्षा होती. ती दोन दिवसांवर आली असताना लोकसेवा आयोगाने पुढे ढकलली आणि ९ नोव्हेंबरला घेतली. हा निर्णय बरोबर होता. पुलावरून पाणी जात असताना परभणीच्या केंद्रावर या म्हणणं हा छळ झाला असता. पण ९ नोव्हेंबरला आधीच गट-ब ची संयुक्त पूर्व परीक्षा होती. तिला उठून जागा द्यावी लागली. ज्या पोराने दोन्हींचे अर्ज भरले होते, त्याचं पुण्यातलं खोलीभाडं दोन्ही बाजूंनी वाढलं. आपण एका रविवारी येता आणि पुढच्या कितीतरी रविवारांचा हिशेब बिघडवून जाता.

दहावी-बारावीचं काय झालं? काही नाही. तारखा जाहीर झाल्या त्या तशाच राहिल्या. बारावी १० फेब्रुवारीला, दहावी २० फेब्रुवारीला. २०२४ मध्ये हीच बारावी २१ फेब्रुवारीला आणि दहावी १ मार्चला सुरू झाली होती. म्हणजे परीक्षा दहाएक दिवसांनी अलीकडे आली आणि पुराने अभ्यासाचे दिवस पलीकडे नेले. मधल्या मधे पोरगं. मंडळाने तारखा ढकलल्या नाहीत, याबद्दल मी मंडळाला दोष देत नाही. राज्यातल्या सगळ्या मुलांची परीक्षा आमच्या काठच्या गावांसाठी मागे नेणं बरोबर नव्हतं. पण तारीख हलवायची नाही म्हटल्यावर बाकी काहीच हलवायचं नाही, असा अर्थ कुणी लावला?

हलवलं नाही असं म्हणून अन्याय नको. ऑक्टोबरमध्ये शासनाने अतिवृष्टीच्या तालुक्यांसाठी सवलती जाहीर केल्या, त्यात दहावी-बारावीच्या परीक्षा शुल्काची माफी आहे. स्वागत आहे. फक्त या माफीची आमच्याकडची आजवरची रीत अशी की दुष्काळात आधी शुल्क भरायचं, परीक्षा द्यायची, आणि मग बँक खात्याचा तपशील शाळेमार्फत मंडळाला कळवून पैसे परत येण्याची वाट पाहायची. ज्या घरी पैसे नाहीत म्हणून माफी द्यायची, त्याच घराने आधी पैसे उभे करायचे! मुलाच्या नावाचं खातं, त्याला जोडलेला मोबाइल, आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव एकसारखं हवं. पुरात भिजलेल्या घरात हे सगळं एकसारखं कुठून असणार? परताव्याची रक्कम पाचशे रुपयांच्या आसपास, आणि तिच्यासाठी तालुक्याला दोन-तीन हेलपाटे मारले की ती बसभाड्यात संपते.

आणि एक गोष्ट कुठल्याच सवलतीच्या यादीत येत नाही. रान वाहून गेलेल्या घरातलं लेकरू दिवाळीनंतर शाळेत परत येतं की आईबापाबरोबर उसाच्या फडावर जातं, हे त्या महिन्यात ठरतं. त्याचा परीक्षेचा अर्ज भरलेला असतो, बैठक क्रमांक येतो, हॉलतिकीट येतं. पेपरच्या दिवशी बाकावर क्रमांक चिकटवलेला असतो आणि पर्यवेक्षक उपस्थितीच्या कागदावर 'गैरहजर' लिहितो. तिथे आपलं नाव लिहायला रकाना नाही, साहेब. तुमच्यामुळे आलं नाही, हे कुठेच नोंदलं जात नाही. म्हणून तुमचं खातं कायम स्वच्छ.

पाथरीला सबुरी शिकवायची गरज नाही. साईबाबांचा जन्म आमच्या गावचा, असं आम्ही मानतो. २०२० च्या जानेवारीत इथल्या विकासाला शंभर कोटी देण्याची घोषणा झाली तेव्हा शिर्डीने बंद पाळला, हे आपल्याला आठवत असेल. त्या वादात मला पडायचं नाही. सांगायचं एवढंच, की सबुरी हा मुळात आमचा माल आहे आणि तो आम्ही बऱ्याच काळापासून सरकारी कार्यालयांना फुकट पुरवत आलो आहोत.

आता मुद्द्याचं बोलतो. आपण स्वतःला अपरिहार्य म्हणवता, अनपेक्षित म्हणवता. जरा तारखा काढू. यंदाचा नव्हे, चार वर्षांपूर्वीचा सप्टेंबर आठवा. २०२१ मध्ये गुलाब चक्रीवादळामुळे मराठवाड्यात पूर आला तो २७-२८ सप्टेंबरच्या सुमाराला. २०२५ मध्ये आपण जवळजवळ त्याच तारखांना आलात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याला गारपिटीने झोडपलं तेव्हा बारावी चालू होती आणि दहावी तोंडावर होती. एसटीचे संप, शहर बंद, इंटरनेट बंद, फुटलेले पेपर, उन्हाची लाट, यांतलं काय आम्ही पहिल्यांदा पाहतो आहोत? आपण न सांगता येता हे खरं, पण दरवर्षी येता. दरवर्षी येणाऱ्याला अनपेक्षित म्हणणं ही आपली चतुराई आहे की आमच्या लोकांची, हा चौकशीचा विषय आहे. माझा संशय दुसऱ्यांवर आहे. ढाल आपली आणि तिच्यामागे उभे दुसरेच, असा हा प्रकार दिसतो.

जगात आपल्याला असा मान सगळीकडे मिळत नाही. दक्षिण कोरियात १५ नोव्हेंबर २०१७ ला दुपारी पोहांग शहराजवळ ५.४ तीव्रतेचा भूकंप झाला. दुसऱ्या दिवशी सबंध देशाची विद्यापीठ प्रवेश परीक्षा होती, जिच्यासाठी तिथे विमानांची उड्डाणंसुद्धा थांबवतात. त्याच संध्याकाळी परीक्षा एक आठवडा पुढे गेली आणि नवी तारीख त्याच घोषणेत सांगितली गेली. 'यथावकाश' नाही, २३ नोव्हेंबर. ब्रिटनमधल्या परीक्षा मंडळांच्या संयुक्त परिषदेने तर आपला मानच काढून घेतला आहे. तिथल्या उन्हाळी परीक्षांच्या वेळापत्रकात काही वेळ आधीपासून राखीव असतो. परीक्षा सुरळीत झाली तर तो वाया गेला म्हणून कुणी रडत नाही. घरात मृत्यू झाला, अपघात झाला, अशा मुलाला परिस्थिती पाहून जास्तीत जास्त पाच टक्क्यांपर्यंत गुण वाढवून देण्याची रीतसर तरतूदही आहे. तिकडे सगळं सोन्याचं आहे असं नव्हे. २०२० मध्ये त्यांनी मुलांचे गुण संगणकाच्या सूत्राने ठरवले, शाळेच्या पूर्वीच्या निकालावर मुलाचे गुण खाली ओढले गेले, मुलं रस्त्यावर उतरली आणि १७ ऑगस्टला ते सूत्र गुंडाळावं लागलं. पण चूक केल्यावर ती कुणी केली, हे त्यांना माहीत होतं. आमच्याकडे ती आपण केलेली असते.

आपण आलात की आमच्याकडे मदत म्हणून एकच वस्तू बाहेर निघते, ती म्हणजे नवी तारीख. तारखेला पैसे पडत नाहीत, माणसं लागत नाहीत, परिपत्रक काढलं की झालं. शाळेला काय हवं, हे विचारायला फोन येत नाही. शाळेने काय करावं, हे सांगायला मात्र व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते. परीक्षेच्या दिवशी ओढ्याला पाणी आलं तर रनरने काय करायचं? केंद्रसंचालकाला पेपर अर्धा तास उशिरा सुरू करायचा अधिकार आहे का, की त्याने ओढ्याच्या काठावरून जिल्ह्याला, जिल्ह्याने विभागीय मंडळाला आणि विभागीय मंडळाने पुण्याला विचारायचं? मुलांनी अर्धा तास आधी केंद्रावर हजर राहायचं असतं. ओढ्यापलीकडच्या मुलाला हे वेळापत्रक कुणी समजावून सांगायचं? ओढ्याने?

त्या मुलाचा पेपर हुकला की त्याच्यासाठी पुढची वाट म्हणजे जून-जुलैची पुरवणी परीक्षा. ती मुळात नापास झालेल्या मुलांसाठी निघालेली सोय. चांगली सोय आहे, तिच्यामुळे कितीतरी पोरांचं वर्ष वाचलं. पण पुरामुळे, अपघातामुळे, घरातल्या मयतीमुळे पेपरला न आलेलं मूलही तिथेच बसतं आणि गुणपत्रिकेवर तोच महिना छापून येतो. गावात त्या महिन्याचा एकच अर्थ लावतात. तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षांसाठी मंडळाने 'आउट ऑफ टर्न' पद्धत ठेवली आहे. ज्याची हुकली त्याची लेखीनंतर घेतात. हीच सोय लेखी पेपरसाठी का नसावी? लेखी परीक्षा संपल्यावर दोन दिवस, प्रश्नपत्रिकेचा एक राखीव संच, तालुक्याला एक केंद्र, आणि मुख्याध्यापक व तहसीलदार यांनी दिलेला दाखला. चंदनापुरीच्या घाटात काय जळलं होतं, ते आठवून तो राखीव संच वेगळ्या गाडीतून आणावा, ही जादा सूचना.

बाकी मागण्या किरकोळ आहेत. ज्या महसूल मंडळात पंचनामा झाला तिथल्या मुलाचं शुल्क घ्यायचंच नाही. परत द्यायचा प्रश्नच उरत नाही. प्रयोगवही वाहून गेली असेल तर शाळेच्या प्रयोगशाळा नोंदीवरून मुख्याध्यापकाने दाखला द्यावा आणि तो मंडळाने मान्य करावा. पाथरीच्या आगारातून परीक्षेच्या दिवशी काठच्या गावांना सकाळची गाडी नक्की सुटेल, एवढं लेखी मिळावं. पूर आलेल्या तालुक्यातल्या दहावी-बारावीच्या शिक्षकांना जानेवारीपासून दुसऱ्या कुठल्याही यादीवर टाकू नये. मंडळ दरवर्षी समुपदेशकांचे मोबाइल नंबर जाहीर करतं, ते चालू ठेवावं. मात्र 'ताण घेऊ नका' हे सांगणाऱ्याने मुलाला आधी 'तुझ्याकडे पुस्तकं आहेत का' असं विचारावं.

आता हे सगळं आपल्याला लिहून काय उपयोग, असं आपण म्हणाल. बरोबर आहे. आपल्याकडे ना अधिकार, ना निधी, ना शिक्का. आपण फक्त एक नाव आहात, ज्याच्या आड उभं राहिलं की कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. म्हणून या पत्राची प्रत राज्य मंडळाला, शालेय शिक्षण विभागाला आणि परभणीच्या जिल्हाधिकारी कार्यालयाला पाठवतो आहे. त्यांना एकच विनंती आहे. २०२७ चं वेळापत्रक जाहीर करताना शेवटच्या पेपरनंतरचे दोन दिवस 'राखीव लेखी परीक्षा' म्हणून छापून टाका, आणि पुढे कुठलीही परीक्षा पुढे ढकलायची वेळ आली तर परिपत्रकात कारण नावानिशी लिहा : पूर, संप, आग, पेपरफुटी, कंत्राटदार, जे असेल ते.

आपला नम्र,
पाथरी तालुक्यातला एक माध्यमिक शिक्षक

ता. क. : काठच्या गावांतल्या पालकांसाठी. यंदाचं परीक्षा शुल्क भरलं असेल तर पावती जपून ठेवा, मुलाच्या बँक खात्याचा तपशील शाळेत देऊन पोच घ्या, आणि प्रयोगवही भिजली असेल तर प्रात्यक्षिक परीक्षेची वाट न पाहता आताच मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. तोंडी सांगितलेलं पुढे कुणाच्या लक्षात राहत नाही.